१२ मुलांची आई, इंजिनिअरिंगची प्राध्यापक: कोण होत्या लिलियन गिलब्रेथ?

मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन इंजिनिअरिंग केलेल्यांनी 'वर्क स्टडी'त 'थर्ब्लिग' हा शब्द पाठ केलेला असतो. कामातल्या हाताच्या मूलभूत हालचालींना दिलेलं हे नाव म्हणजे 'गिलब्रेथ' हे आडनाव जवळपास उलटं लिहिलेलं. हे आडनाव दोघांचं, फ्रँक आणि त्यांची पत्नी लिलियन.

लिलियन यांचा जन्म १८७८ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडला झाला. १९१४ मध्ये 'द सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट' हे त्यांचं पुस्तक आलं, पण लेखक बाई आहे हे लक्षात येऊ नये म्हणून नावाची फक्त आद्याक्षरं छापली गेली. पुढच्या वर्षी पीएचडी मिळाली, तेव्हा घरात लहान मुलांचा गोतावळा होता.

जून १९२४ मध्ये फ्रँक अचानक गेले. मागे ११ मुलं, थोरली १८ वर्षांची, धाकटी दोनची. (एक मुलगी आधीच आजाराने गेली होती.) काही दिवसांतच लिलियन युरोपला गेल्या आणि फ्रँक यांच्या जागी परिषदांमध्ये बोलल्या. परतल्यावर कळलं, एकट्या बाईचा सल्ला घ्यायला कंपन्या तयार नाहीत. मग त्यांनी कारखान्याचंच शास्त्र स्वयंपाकघरात नेलं. ओटा, शेगडी आणि फ्रीज कुठे असले की बाईची पावलं वाचतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रीजच्या दारातले कप्पे यांचं श्रेयही त्यांना दिलं जातं.

कॉलेजात काय शिकवलं?

१९३५ मध्ये इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक नेमलं. तिथल्या इंजिनिअरिंग विभागातल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. मंदीचा काळ होता, लग्न झालं की शिक्षिकेला काढून टाकणाऱ्या शाळा तेव्हा कमी नव्हत्या. अशा वेळी लिलियन विद्यार्थिनींना करिअरबद्दल सल्ला देत. घरकाम हेही मोजता येणारं, सोपं करता येणारं काम आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

त्या सगळं एकहाती करत होत्या का? अजिबात नाही. सासू बरीच वर्षं सोबत राहिली, घरात मदतनीस होते आणि स्वतः लिलियन स्वयंपाकात फारशा रमल्या नाहीत. मुलांनी लिहिलेल्या 'चीपर बाय द डझन'मुळे घराचे गमतीदार किस्से जगभर पोहोचले, आईचं काम मात्र मागे राहिलं.

१९४८ मध्ये पर्ड्यूमधून निवृत्त झाल्यावरही त्या अपंग गृहिणींना झेपतील अशा स्वयंपाकघरांवर काम करत राहिल्या. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला. २ जानेवारी १९७२ रोजी, ९३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.