सुप्रीम्सचा शोध कुणी लावला?

‘ड्रीमगर्ल्स’ (२००६) पिक्चर पाहिला तेव्हा त्यातली खणखणीत आवाजाची एफी कुणावरून घेतली असेल, हा प्रश्न डोक्यात राहिला. शोधल्यावर नाव सापडलं, फ्लॉरेन्स बॅलार्ड. खरं सांगायचं तर सुप्रीम्स म्हणजे डायना रॉस, एवढंच माझं ज्ञान होतं.

फ्लो जन्मली १९४३ मध्ये, मोटारींच्या डेट्रॉइट शहरात. घरात भावंडं भरपूर, पैसे कमी. १९५९ मध्ये मिल्टन जेन्किन्स हा मॅनेजर त्याच्या ‘प्राइम्स’ या मुलांच्या ग्रुपला जोड म्हणून मुलींचा ग्रुप शोधत होता. त्याने फ्लोला निवडलं. फ्लोने मेरी विल्सनला आणलं, मग डायना आली. नाव ठेवलं ‘प्राइमेट्स’.

पुढे मोटाऊन कंपनीत ऑडिशन मिळाली ती डायनाचा जुना शेजारी स्मोकी रॉबिन्सनमुळे. मालक बेरी गॉर्डीने आधी शाळा पूर्ण करा म्हणून परत पाठवलं. तरी पोरी स्टुडिओतच पडीक. कुणाच्या रेकॉर्डवर टाळ्या वाजव, कुठे कोरस दे. शेवटी जानेवारी १९६१ मध्ये करार झाला. नवीन नाव हवं होतं. यादीतून ‘सुप्रीम्स’ हे नाव निवडलं फ्लोने, बाकीच्यांना ते फारसं आवडलं नव्हतं!

गॉर्डीने पूर्वी लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलेलं. मोटाऊनही त्याने तशीच चालवली, चक्क क्वालिटी कंट्रोलच्या मीटिंगा घेऊन. (आपल्या प्रॉडक्शनवाल्यांनी नोंद घ्यावी.) त्या लाइनवर मुख्य आवाज म्हणून डायना बसली. फ्लोचा आवाज जास्त दमदार, पण ती मागे गेली. १९६४ पासून अमेरिकेत एक नंबरवर गेलेल्या सुप्रीम्सच्या १२ गाण्यांपैकी १० तिच्या काळातली. पण ती आतून धुमसत होती. दारू वाढली, शो चुकू लागले. चूक तिचीही होती, हे मान्य. १९६७ मध्ये तिला काढून सिंडी बर्डसाँगला घेतलं आणि त्याच वर्षी ग्रुपच्या नावात पुढे डायना रॉसचं नाव लागलं.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते १९६८ च्या तडजोडीतलं एक कलम. आपण सुप्रीम्समध्ये होतो, हे फ्लोने स्वतःच्या जाहिरातीत वापरायचं नाही. नाव निवडणारी तीच! मग दोन सोलो रेकॉर्ड आल्या, चालल्या नाहीत. १९७१ मध्ये मोटाऊनवर केस केली, हरली. घर गेलं, तीन मुलींना घेऊन सरकारी मदतीवर दिवस काढले. फेब्रुवारी १९७६ मध्ये हृदय बंद पडून गेली. वय फक्त ३२.

श्रेय गॉर्डीला देतात, कुणी स्मोकीला. त्यांनी दार उघडलं, हे खरंच. पण दाराशी उभा राहायला ग्रुप हवा ना, आणि तो फ्लोपासून सुरू झाला. माझं मत तिलाच. १९८८ मध्ये सुप्रीम्सना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा तिघींची नावं लागली, त्यात फ्लोचंही. तिला जाऊन १२ वर्षं झाली होती.