राजवाड्यातील विद्यार्थिनी

पंधरा ऑगस्ट म्हटला की आपल्याला झेंडावंदन, मुलांचा खाऊ आणि दुपारचे हळदीकुंकू आठवते. परंतु देश स्वतंत्र होण्याच्या बरोबर पाच वर्षे आधी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, आपल्या पुण्यात नगर रस्त्यावरील आगाखान राजवाड्यात महात्माजींचे सचिव महादेवभाई देसाई यांनी बंदिवासात देह ठेवला. तेव्हा कस्तुरबाही तेथेच कैदेत होत्या. त्या माउलीची हकीकत मला आपल्या भगिनींना सांगावयाची आहे.

कस्तुरबांचा जन्म १८६९ साली पोरबंदरला झाला. घर सुखवस्तू व्यापाऱ्याचे. पण मुलींना शाळेत घालण्याची तेव्हा रीत नव्हती. तेराव्या वर्षी लग्न झाले. वडीलधाऱ्यांसमोर पतीशी बोलण्याचीही चोरी, मग शिकणार कोठून? पुढे मुलेबाळे, परदेशचा संसार आणि आश्रमाचा राबता यांत दिवस गेले.

पण अक्षरे थोडी आली म्हणून हिंमत थोडी नव्हती. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेतील एका न्यायाधीशाने असा निर्णय दिला, की ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्ने तेथील कायद्याला मान्य नाहीत. म्हणजे आपल्या गळ्यातील मंगळसूत्राला किंमतच नाही! कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा भोगून आल्या. १९१७ साली चंपारण्यात त्यांनी खेड्यातील बायकांना स्वच्छतेचे धडे दिले. आपल्याकडील अवंतिकाबाई गोखले याही त्या कामासाठी तिकडे गेल्या होत्या.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत महात्माजींना पकडले. त्यांच्याऐवजी शिवाजी पार्कवरील सभेत बोलावयास कस्तुरबा निघाल्या, तोच त्यांनाही अटक झाली. दोन दिवसांनी त्यांना पुण्यास आणले. आणखी चार दिवसांनी महादेवभाई गेले. त्यांना त्या मुलासारखे मानीत.

आता मला सर्वांत भावलेली गोष्ट सांगते. सत्तरी उलटलेल्या कस्तुरबा त्या राजवाड्यात शिकावयास बसत. महात्माजी त्यांना गुजराती वाचन व भूगोल शिकवीत. नातवंडे असलेली बाई, तीही कैदेत, प्रकृती ढासळलेली. तरी धडा चालू. माझे स्वतःचे शिक्षण सातवीवर थांबले. संग्रहालय ही शिकलेल्यांनी पाहण्याची जागा, आपल्याला त्यातले काय कळणार, असे आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतात. कस्तुरबांनी वयाची आणि शाळेची लाज धरली नाही, मग आपण का धरावी?

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, त्याच वास्तूत त्यांनी डोळे मिटले. महादेवभाईंच्या शेजारीच त्यांचे दहन झाले. महात्माजींनी स्वतः कातलेल्या सुताचे लुगडे त्यांना नेसविले होते. त्यांच्या स्मारकासाठी देशाने ७५ लाख रुपये जमविण्याचे ठरविले आणि त्याहूनही अधिक निधी जमला. तो खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्या कामी लावण्यात आला.

१९६९ साली आगाखानांनी हा राजवाडा राष्ट्राला दिला. तेथे दोघांच्या समाध्या आहेत; छायाचित्रे आणि त्या मंडळींच्या वापरातील वस्तू मांडल्या आहेत. पुस्तकात वाचलेले मुले विसरतात, पण समाधीपाशी उभे राहून आईच्या तोंडून ऐकलेले विसरत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी, की १५ ऑगस्टच्या आठवड्यात सोयीचा दिवस ठरवून सर्वांनी मुलांसह तेथे जावे. डबे व पाणी बरोबर घ्यावे. प्रत्येकीने एकच प्रसंग पाठ करून यावा आणि मुलांना सांगावा. जिला वाचता येत नाही, तिला शेजारणीने वाचून दाखवावे. मुलांनी पाहिलेल्या एका वस्तूचे चित्र वहीत काढावे. २ ऑक्टोबरला ती चित्रे मंडळाच्या खोलीत लावता येतील. कस्तुरबांची जयंती ११ एप्रिल हा दिवस २००३ सालापासून देशात सुरक्षित मातृत्व दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आपल्या वस्तीतील गरोदर मुलींसाठी एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवावे.

याला खर्च फारसा नाही. जिला यावयाचे असेल तिने आपले व मुलांचे नाव चिटणीसबाईंकडे द्यावे. माझे मी पहिलेच लिहून ठेवले आहे.