भिंती विणणारा माणूस : फ्रँक लॉइड राइट

काही माणसांच्या नावाभोवती दंतकथा इतक्या लवकर जमतात, की खरा माणूस त्यांच्याखाली झाकून जातो. अमेरिकेचे वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट हे त्यांपैकी एक. भूकंपात न पडणारे हॉटेल बांधणारा जादूगार म्हणून त्यांचे नाव जगभर गेले. मला मात्र त्यांच्या चरित्रातील त्या हॉटेलापेक्षा सिमेंटचा एक साधा ठोकळा अधिक जवळचा वाटला.

राइट यांचा जन्म ८ जून १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील रिचलंड सेंटर या गावी झाला. आईने त्यांना लहानपणी खेळायला फ्रोबेलचे लाकडी ठोकळे दिले होते. १८८३ साली मॅडिसन शहरात विधानभवनाची नवी बाजू बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि कामगार चिरडून मेले. चुन्याच्या धुळीने माखलेली ती माणसे आपण पाहिली, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पुढे विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून ते शिकागोला गेले आणि लुई सलिव्हन यांच्या हाताखाली शिकून नावारूपाला आले. १९१४ साली त्यांचे राहते घर एका नोकराने पेटवले व आतल्या सात जणांचा बळी घेतला. ते घर राइट यांनी पुन्हा उभारले.

त्यानंतर टोकियोच्या इंपीरियल हॉटेलचे काम त्यांच्याकडे आले. खाली चिखलासारखी मऊ जमीन. तिच्या वरच्या थरात आखूड खांब रोवून त्यांनी इमारत जणू तरंगती ठेवली, तिचे स्वतंत्र भाग केले आणि जड कौलांऐवजी तांब्याचे हलके छप्पर घातले. १ सप्टेंबर १९२३, हॉटेलच्या उद्घाटनाचा दिवस. आणि दुपारी बाराच्या सुमारास भयंकर भूकंप झाला. लाखाहून अधिक माणसे गेली. हॉटेल उभे राहिले आणि दंतकथा जन्मली. परंतु हॉटेलाला धक्का बसलाच नाही, हे खरे नव्हे. जमिनी खचल्या, भागांना तडे गेले. शिवाय ताचू नाइतो या जपानी अभियंत्याने जिचा सांगाडा आखला होता ती औद्योगिक बँकेची इमारतही टिकली. तिचे नाव मात्र जगभर झाले नाही. मऊ जमिनीत हॉटेल हळूहळू खचत गेले आणि १९६८ साली ते पाडण्यात आले.

याच सुमारास राइट लॉस एंजेलिसमध्ये नवा प्रयोग करीत होते. सिमेंटचा ठोकळा तेव्हा हलक्या कामाचा समजला जाई. त्यांनी साच्यात घालून त्यावर नक्षी उठवली; काही ठोकळ्यांना जाळीसारखी भोके ठेवून त्यांत काच बसवली, म्हणजे भिंतीतूनच उजेड यावा. ठोकळ्यांच्या कडांना खाच ठेवून तीत उभ्या-आडव्या लोखंडी सळ्या घालायच्या आणि वर पातळ माल ओतायचा. उभा धागा, आडवा धागा; जणू मागावरचे कापडच! भूकंपात सुटा ठोकळा निखळतो, पण सळ्यांनी बांधलेली भिंत एक होऊन हलते, असा त्यामागचा विचार होता. १९२४ च्या एनिस घराला असे सुमारे २७ हजार ठोकळे लागले.

माझे वडील गवंडी आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. सळईला माल नीट गुंडाळला नाही तर पाणी शिरते, सळई गंजते आणि गंज फुगून भिंत फोडतो, हे मी पुस्तकाआधी वडिलांकडून ऐकले. एनिस घराचे नेमके तेच झाले. १९९४ च्या भूकंपात त्याची मोठी हानी झाली. कल्पना चांगली होती, पण सांध्यात ओल शिरली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचा भार माणसांवर आला. तिथे कल्पनाच नव्हती असे नाही. भिंतीच्या आरपार जाणारा दगड घालावा हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते. तो घातला गेला नाही, एवढेच.

मला सर्वांत भावला तो फ्लोरिडा सदर्न कॉलेजचा प्रसंग. १९३८ पासून राइट यांनी तिथल्या इमारती आखल्या. कॉलेजकडे पैसा नव्हता, तेव्हा विद्यार्थ्यांनीच फीच्या बदल्यात ठोकळे पाडले आणि रचले. युद्धाच्या काळात मुलींनीही हातगाड्या ओढल्या. तिथल्या प्रार्थनामंदिराच्या ठोकळ्यांत रंगीत काचेचे लहान तुकडे बसवलेले आहेत.

९ एप्रिल १९५९ रोजी राइट गेले. त्यांची प्रतिभा मोठी होती, यात शंका नाही. तथापि भिंत उभी राहते ती सळई नीट झाकणाऱ्या हातांमुळे. त्या मुलामुलींपैकी कोणाचेही नाव मला ठाऊक नाही. त्यांच्या हातचे ठोकळे मात्र अजून उन्हात रंगीत उजेड आत सोडतात.