वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२, मृत्यू : सिद्धपूर, गुजरात, ८ एप्रिल १९५३) हे भारतीय उद्योजक होते. जहाज, विमान व मोटार उद्योगांमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित असले, तरी त्यांच्या कर्तृत्वाचा पाया बांधकाम व्यवसायात होता.

== प्रारंभिक जीवन ==
सोलापुरात स्थायिक झालेल्या एका जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. मात्र पदवी पूर्ण केली नाही. वडिलोपार्जित सावकारीत व कापसाच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले.

== बांधकाम व्यवसाय ==
त्या काळी मोठ्या बांधकामांवर ब्रिटिश कंपन्यांचा वरचष्मा होता. अवघड कामे भारतीय कंत्राटदारही पार पाडू शकतात, हे वालचंद यांना प्रत्यक्ष कामातूनच सिद्ध करावे लागले. बोरघाटातील रेल्वे बोगद्यांचे काम त्यांपैकी महत्त्वाचे होय. १९२६ मध्ये स्थापन झालेली त्यांची कंपनी पुढे हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी या नावाने ओळखली जाऊ लागली.

== ह्यूम पाइप ==
१९२६ मध्येच त्यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन केली. या नळांची पद्धत ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम यांनी शोधली होती. वेगाने फिरणाऱ्या साच्यात पोलादी सळ्यांचा पिंजरा ठेवून काँक्रीट ओतले जाते. केंद्रोत्सारी बलामुळे ते कडेला दाबले जाऊन घट्ट होते.

काँक्रीट दाब उत्तम सहन करते, परंतु ताण पडताच तडकते. नळातील पाण्याच्या दाबाने त्याची भिंत बाहेरच्या दिशेने ताणली जाते. हा ताण पोलादी वेढे पेलतात. इमारतीच्या खांबातही हेच तत्त्व लागू पडते. भाराखाली काँक्रीट बाजूंना फुगू लागते, तेव्हा सळ्यांभोवतीच्या पोलादी कड्या त्याला आवळून धरतात. त्यामुळे खांबाचे सामर्थ्य वाढतेच, शिवाय तन्यताही वाढते. म्हणजे तडे गेल्यावर खांब एकाएकी न कोसळता काही काळ भार पेलतो. याच हेतूने आधुनिक काळात काँक्रीटमध्ये पोलादाचे किंवा अन्य पदार्थांचे बारीक तंतूही मिसळले जातात.

== अन्य उद्योग ==
सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. ही तारीख राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. १९४० मध्ये बंगळूर येथे विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखाना आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स असे उद्योग त्यांनी उभारले. विमान आणि जहाजबांधणीचे कारखाने पुढे शासनाच्या ताब्यात गेले. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर ते उद्योगातून निवृत्त झाले.

== वारसा ==
पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर आणि सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. मुळशी तालुक्यातील लवासा हे डोंगरी नगरही याच उद्योगसमूहाने उभारण्यास घेतले. पर्यावरणविषयक परवानग्यांवरून ते वादग्रस्त ठरले आणि नियोजनाप्रमाणे पूर्ण झाले नाही.