तेनझिंग नोर्गे : शिखरानंतरचे शिक्षण

विद्यार्थी मित्रहो, तेनझिंग नोर्गे हे नाव उच्चारताच तुम्हाला २९ मे १९५३ हा दिवस आठवेल. त्या दिवशी एडमंड हिलरी यांच्यासह ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. या चरित्राचा अभ्यास करताना मात्र तुम्ही त्यापुढील वर्षाकडे विशेष लक्ष द्यावे.

१९१४ साली जन्मलेले तेनझिंग तरुणपणी कामाच्या शोधात दार्जिलिंगला आले. शालेय शिक्षण त्यांना लाभले नाही; लिहिता-वाचताही येत नव्हते. १९३५ साली एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत ओझी वाहण्यासाठी त्यांची निवड झाली. तेव्हापासून पर्वत हीच त्यांची शाळा ठरली. पुढच्याचे पाहून पाऊल टाकावे आणि चुकल्यास प्राणाचे मोल द्यावे, अशी तिथली रीत होती. १९५२ साली ते स्विस गिर्यारोहक रेमंड लॅम्बर्ट यांच्यासोबत सुमारे ८,६०० मीटर उंचीपर्यंत गेले.

एव्हरेस्टच्या यशानंतर भारतीय तरुणांना गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण मिळावे, यासाठी पंडित नेहरूंच्या पाठिंब्याने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुखपद तेनझिंग यांच्याकडे आले. त्याच वर्षी ते स्वित्झर्लंडमधील रोझेनलाउई येथे, आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या गिर्यारोहण शाळेत प्रशिक्षणासाठी गेले होते. जगातील सर्वोच्च शिखर चढलेला चाळिशीचा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला!

याचे कारण समजून घ्या. स्वतः चढणे वेगळे आणि दुसऱ्याला चढायला शिकवणे वेगळे. दोराला गाठ मारणे, साथीदाराला दोराने सावरणे, घसरताना हिमकुऱ्हाड बर्फात रोवून थांबणे, हिमनदीच्या भेगेत पडलेल्याला वर काढणे, ही कौशल्ये अनुभवी हातांत मुरलेली असतात. ती नवख्याच्या हाती द्यायची, तर त्यांच्या पायऱ्या पाडाव्या लागतात; आधी खडक, मग बर्फ, असा क्रम लावावा लागतो. आल्प्समधील मार्गदर्शकांनी ही अध्यापनपद्धती घडवली होती.

१९७६ पर्यंत तेनझिंग यांनी या संस्थेत काम केले. इतरांचे ओझे वाहणारा शेर्पा आता इतरांचा गुरू झाला होता. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांनी आपले काम अनुभवातूनच आत्मसात केले असेल. ते नवख्याला शिकवायचे झाल्यास पहिली पायरी कोणती सांगाल? तिचा शोध घेताना तेनझिंग यांचे हे दुसरे विद्यार्थीपण तुम्हाला अधिक उमगेल.