इग्नाझ सेमेलवाइस

इग्नाझ फिलिप सेमेलवाइस (१ जुलै १८१८ – १३ ऑगस्ट १८६५) हे हंगेरीतील प्रसूतितज्ज्ञ होते. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावेत, असा नियम त्यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात लागू केला. त्यामुळे बाळंतिणींचे मृत्यू कमी होतात हे त्यांनी आकडेवारीने दाखवून दिले. रोगजंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता.

पूर्वायुष्य

सेमेलवाइस यांचा जन्म बुडा शहराच्या ताबान भागात एका सधन किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. १८३७ मध्ये कायद्याच्या शिक्षणासाठी ते व्हिएन्नाला गेले, पण लवकरच वैद्यकाकडे वळले. १८४४ मध्ये त्यांना पदवी मिळाली. जुलै १८४६ मध्ये प्रा. योहान क्लाइन यांच्या हाताखाली पहिल्या प्रसूतिकक्षात ते साहाय्यक म्हणून रुजू झाले.

दोन प्रसूतिकक्ष

या रुग्णालयात गरीब स्त्रियांसाठी दोन मोफत प्रसूतिकक्ष होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुईणींचे प्रशिक्षण चाले. १८४६ मध्ये पहिल्या कक्षात ४,०१० प्रसूती होऊन ४५९ स्त्रिया दगावल्या. दुसऱ्या कक्षात ३,७५४ प्रसूतींमागे १०५ मृत्यू झाले. मृत्यूचे मुख्य कारण प्रसूतिज्वर हे होते. दाखल करण्याचे दिवस दोन्ही कक्षांत वाटलेले असत. शहरातील स्त्रियांना हा फरक ठाऊक होता, त्यामुळे पहिल्या कक्षात पाठवू नये म्हणून त्या गयावया करीत. वाटेत, रस्त्यावर बाळंत होऊन आलेल्या स्त्रियांना मात्र हा ज्वर क्वचितच होई.

दूषित हवेमुळे रोग पसरतो हे तेव्हाचे रूढ मत होते, पण हवा दोन्ही कक्षांत सारखीच होती. गर्दी तर दुसऱ्या कक्षात अधिक असे. सेमेलवाइस यांनी एकेक शक्यता तपासली. प्रसूतीच्या वेळी स्त्रीला कुशीवर निजवून पाहिले. मरणासन्न रुग्णाकडे जाणाऱ्या धर्मगुरूच्या घंटानादाने इतर स्त्रिया घाबरत असतील, म्हणून ती घंटाही बंद करविली. मृत्यू कमी झाले नाहीत.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का यांचे निधन झाले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या देहात आढळलेले विकार प्रसूतिज्वराने मेलेल्या स्त्रियांतील विकारांसारखेच होते. सेमेलवाइस यांना दुवा सापडला. विद्यार्थी व डॉक्टर शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. साबणाने धुऊनही हातांना प्रेताचा वास राहतो, त्या अर्थी काही अंश हातावर उरतोच, असे त्यांनी ओळखले आणि मे १८४७ च्या मध्यापासून क्लोरीनच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २.२ टक्के व जुलैमध्ये १.२ टक्के झाले. १८४८ च्या मार्च व ऑगस्ट महिन्यांत पहिल्या कक्षात एकही बाळंतीण दगावली नाही.

ऑक्टोबर १८४७ मधील एक प्रसंग तितकाच महत्त्वाचा आहे, परंतु त्याचा उल्लेख कमी होतो. गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित एका स्त्रीला तपासल्यानंतर डॉक्टरांनी केवळ साबणाने हात धुऊन पुढच्या स्त्रियांना तपासले. त्या वेळी बाळंत झालेल्या १२ पैकी ११ स्त्रिया मरण पावल्या. संसर्ग जिवंत रुग्णाकडूनही होतो हे त्यावरून उघड झाले आणि प्रत्येक रुग्णानंतर हात धुण्याचा नियम आला.

विरोध

अनेक ज्येष्ठ डॉक्टरांनी हे मत स्वीकारले नाही. असंख्य मृत्यूंना एकच कारण असू शकते हे त्यांना पटत नव्हते. शिवाय ते मान्य करणे म्हणजे आपल्याच हातांनी रुग्ण मेले असे कबूल करणे होते. सेमेलवाइस यांचाही दोष होता. त्यांनी बरीच वर्षे स्वतः काहीच प्रसिद्ध केले नाही. सुरुवातीचे लेख त्यांचे सहकारी फर्डिनांड हेब्रा यांनी लिहिले. १८४९ मध्ये त्यांच्या पदाची मुदत वाढविण्यात आली नाही. १८५० मध्ये ते मित्रांचा निरोपही न घेता पेश्तला परतले.

पेश्तच्या सेंट रोकस रुग्णालयात १८५१ ते १८५७ या काळात ९३३ प्रसूतींमागे केवळ आठ स्त्रिया प्रसूतिज्वराने दगावल्या. १८५५ मध्ये ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला, पण त्यावर प्रतिकूल परीक्षणे आली. त्यांनी टीकाकारांना जाहीर पत्रे लिहून खुनी ठरविले. त्याने विरोध अधिकच वाढला.

मृत्यू

मनःस्थिती ढासळल्याने जुलै १८६५ च्या अखेरीस त्यांना व्हिएन्नातील वेड्यांच्या रुग्णालयात फसवून नेऊन ठेवण्यात आले. दोन आठवड्यांतच जखम चिघळून रक्तदोषाने त्यांचा मृत्यू झाला. कोलेच्का यांचा अंतही अशाच विकाराने झाला होता. तेथील रक्षकांनी त्यांना मारहाण केली असावी, असे नंतर उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून अभ्यासक मानतात.

जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली आणि १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी प्रसूतिज्वराच्या रुग्णांतील साखळीसारखे जंतू दाखविले. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ मध्ये सेमेलवाइस यांचे नाव देण्यात आले. ताबानमधील त्यांच्या जन्मघरात आता वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.