बायपासमुळे हॉटेल बसलं, अन् ६५ वर्षांच्या म्हाताऱ्याने केंटकीचं चिकन जगभर नेलं

संभाजीनगरहून बीडकडे निघालात की पाचोड मागे पडतं आणि वडीगोद्री येतं. जालना जिल्हा, अंबड तालुका. सोलापूर-धुळे हायवेवरचं गाव आणि इथूनच अंबड-जालन्याला रस्ता फुटतो. त्यामुळे चहापाण्याला गाडी थांबायची ही हक्काची जागा.

अशा हायवेवर हॉटेलांच्या पाट्या वाचत गेलात तर एक गंमत दिसते. मराठवाड्यातल्या हॉटेलावर अस्सल कोल्हापुरी लिहिलेलं असतं. पुण्यात गेलं की खानदेशी आणि मालवणीच्या पाट्या दिसतात. तेच कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याचं कौतुक कोल्हापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही, तो घरीच खाऊन आलेला असतो.

म्हणजे काय, तर गावाचं नाव गावाबाहेर जास्त खपतं.

ही गोष्ट ज्याने जगात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर करून दाखवली, त्याचा चेहरा तुम्ही रोज बघता. पांढरा कोट, काळी टाय, बोकडदाढी आणि चष्मा. केएफसीच्या बादलीवरचा म्हातारा. केएफसीतला के म्हणजे केंटकी, अमेरिकेतलं एक राज्य. पण हा गडी मुळात केंटकीत जन्मलाच नव्हता. आणि केंटकीचं नाव लावून त्याचं चिकन पहिल्यांदा विकलं गेलं, तेही केंटकीत नाही.

मग हे सगळं घडलं कसं? सुरुवातीपासून बघू.

हार्लंड सँडर्सचा जन्म ९ सप्टेंबर १८९० चा, इंडियाना राज्यातल्या हेन्रीव्हिल गावाजवळचा. हार्लंड पाच वर्षांचा असताना वडील वारले. घरात तीन लेकरं, त्यात हा थोरला. आई टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला जायला लागली आणि घरची चूल पोराकडे आली. सातव्या वर्षापर्यंत तो पाव भाजायला आणि भाज्या करायला शिकला होता.

पुढे आईने दुसरं लग्न केलं. सावत्र बापाशी याचं पटेना. सातवीतच शाळा सुटली, घरही सुटलं आणि पोरगं शेतावर सालगड्यासारखं राबायला लागलं.

यानंतरची पंचवीस वर्षं म्हणजे नुसती धरसोड. ट्रामवर कंडक्टर झाला. १६ व्या वर्षी वय वाढवून सांगत फौजेत शिरला आणि क्युबाला गेला, तिथं काम काय, तर खेचरं सांभाळायची. परत येऊन रेल्वेत लागला, इंजिनात कोळसा टाकला. टपालाने कायद्याचा अभ्यास करून लिटल रॉक शहरात वकिली सुरू केली, तर कोर्टातच स्वतःच्या अशिलाशी मारामारी केली. वकिली तिथंच संपली. मग विमा विकला, टायर विकले. ओहायो नदीवर फेरीबोटीची कंपनी काढली, ती चालली. त्या पैशातून गॅसच्या दिव्यांचा धंदा टाकला, तर तेवढ्यात गावोगावी वीज यायला लागली आणि पैसे बुडाले.

थोडक्यात, हाताला काम भरपूर होतं, पण काहीच टिकत नव्हतं. त्याचं एक कारण त्याचा भडक स्वभाव होता. सँडर्स शिव्या देण्यासाठी आयुष्यभर प्रसिद्ध राहिला.

१९३० साली अमेरिकेत महामंदी होती. तेव्हा शेल कंपनीने त्याला केंटकीतल्या कॉर्बिन गावाजवळ एक पेट्रोल पंप चालवायला दिला. भाडं नाही, विक्रीवर कमिशन. हा पंप उत्तर-दक्षिण जाणाऱ्या यूएस २५ या हायवेवर होता. लांबून येणारे ड्रायव्हर विचारायचे की इथं जेवायला कुठं मिळेल. आसपास तसं काही नव्हतं. सँडर्सने पंपामागच्या स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या घरच्या टेबलावर लोकांना जेवायला बसवायला सुरुवात केली.

या भागात पंपांची स्पर्धा इतकी टोकाची होती की १९३१ साली पाटीवरून गोळीबार झाला. मॅट स्ट्युअर्ट नावाचा शेजारचा पंपवाला सँडर्सच्या जाहिरातीवर रंग फासायचा. एक दिवस सँडर्स शेलच्या दोन माणसांना घेऊन त्याला गाठायला गेला. स्ट्युअर्टने गोळ्या झाडल्या, त्यात शेलचा मॅनेजर जागीच गेला. सँडर्सने पडलेल्या माणसाचं पिस्तूल उचलून स्ट्युअर्टला जखमी केलं. स्ट्युअर्ट तुरुंगात गेला, सँडर्स सुटला. बादलीवर हसणाऱ्या आजोबांचा हा किस्सा जाहिरातीत अर्थातच सांगत नाहीत.

हळूहळू पंपापेक्षा जेवण जास्त चालायला लागलं. रस्त्यापलीकडे मोठं रेस्टॉरंट झालं, सोबत मोटेल झालं. राज्याचं नाव काढलं म्हणून केंटकीच्या गव्हर्नरने त्याला कर्नल ही पदवी दिली. हा फौजेतला हुद्दा नाही, राज्याने दिलेला मान आहे. पण सँडर्सने तो असा काही अंगाला लावून घेतला की पुढे पांढरा सूट आणि काळी टाय हाच त्याचा बारमाही पोशाख झाला.

आता चिकनकडे येऊ.

तळलेलं चिकन ही काही सँडर्सची कल्पना नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ते घरोघरी व्हायचं. १८२४ साली छापलेल्या मेरी रँडॉल्फच्या पाककृतींच्या पुस्तकात त्याची कृती आहे. पण ते हाताला धरणारे, चव बसवणारे हात बहुतेक करून गुलाम म्हणून राबणाऱ्या काळ्या स्वयंपाकिणींचे होते. गुलामगिरी संपल्यावर व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्टेशनवर काळ्या बायका डोक्यावर ताटं घेऊन गाडीच्या खिडकीशी चिकन विकायच्या. त्यातून त्यांनी घरं उभी केली. त्यांचा चेहरा मात्र कुठल्याच बादलीवर आला नाही.

सँडर्सची अडचण वेळेची होती. लोखंडी तव्यात चिकन तळायला अर्धा तास लागायचा आणि हायवेवरचं गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. आधी तळून ठेवलं तर मजा जाते. १९३९ च्या सुमारास बाजारात प्रेशर कुकर आले होते. ते भाजी शिजवायला होते, सँडर्सने त्यात तेल घालून दाबाखाली चिकन तळायचं तंत्र बसवलं. अर्ध्या तासाचं काम आठ-नऊ मिनिटांवर आलं. त्याच वर्षी आगीत रेस्टॉरंट जळालं, त्याने पुन्हा उभं केलं. १९४० मध्ये त्याचा अकरा मसाल्यांचा हिशेबही पक्का झाला.

घरात मात्र सगळं गोड नव्हतं. एकुलता मुलगा १९३२ मध्येच आजारपणात गेला होता. पहिली बायको जोसेफिनशी १९४७ मध्ये घटस्फोट झाला. १९४९ मध्ये त्याने क्लॉडियाशी लग्न केलं, ती त्याच्याच रेस्टॉरंटमध्ये कामाला होती.

आणि इथं येतो पीट हार्मन.

हार्मन हा युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीचा हॉटेलवाला. कॉर्बिनपासून जवळपास अडीच हजार किलोमीटर लांब. १९५२ साली सँडर्सने त्याच्याकडे मुक्कामात चिकन करून खाऊ घातलं आणि हार्मनने ते आपल्या मेन्यूवर घेतलं. पण नाव काय द्यायचं? नुसतं तळलेलं चिकन म्हटलं तर त्यात विशेष काय? तेव्हा पाटी रंगवणाऱ्या डॉन अँडरसन नावाच्या पेंटरने सुचवलं, केंटकी फ्राईड चिकन.

विषय इथंच संपला. युटाच्या माणसासाठी केंटकी म्हणजे लांबचा दक्षिण मुलुख, जिथं पाहुणचार चांगला असतो आणि आजीच्या हाताला चव असते. चिकन तेच, पण नावाने त्याला गाव मिळालं. पहिल्याच वर्षात हार्मनची विक्री तिपटीच्या वर गेली. पुढे १९५७ मध्ये ती प्रसिद्ध बादलीही हार्मननेच आणली.

तिकडे कॉर्बिनमध्ये मात्र संकट येत होतं. इंटरस्टेट ७५ हा नवा मोठा रस्ता गावाला वळसा घालून जाणार हे ठरलं. हायवेकडेच्या कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारा, बायपास या शब्दाने पोटात गोळा येतो. गाड्या शंभरच्या स्पीडने बाजूने जातात आणि गल्ला रिकामा राहतो. सँडर्सने १९५६ मध्ये रेस्टॉरंटचा लिलाव केला. आले ७५ हजार डॉलर, त्यातले बहुतेक देणी फेडण्यात गेले. वय झालं होतं ६५. हातात उरली थोडी शिल्लक आणि महिन्याला १०५ डॉलरची सरकारी पेन्शन.

व्हॉट्सअ‍ॅपवर याची जी गोष्ट फिरते, ती इथून सुरू होते. कफल्लक म्हातारा, १००९ नकार आणि मग यश. तो आकडा सोडून द्या, कारण खरी गोष्ट त्याहून कामाची आहे. सँडर्सने ६५ व्या वर्षी शून्यातून सुरुवात केली नाही. त्याच्या मागे २५ वर्षांचं रेस्टॉरंट होतं, पक्की झालेली कृती होती आणि युटात चार वर्षं चालून दाखवलेलं नाव होतं. गेलं होतं ते फक्त ठिकाण. म्हणून त्याने ठिकाणाचा नाद सोडला आणि नाव विकायला काढलं.

गाडीत कुकर आणि मसाल्याची पिशवी टाकून तो गावोगाव फिरला. हॉटेलवाल्याला चिकन करून खाऊ घालायचं, पटलं तर हात मिळवायचा. प्रत्येक कोंबडीमागे चार-पाच सेंट. कधीकधी झोपायला गाडीचीच मागची सीट. घरी क्लॉडिया मसाले मिसळून पुड्या बांधायची आणि पार्सल करायची. म्हणजे कृती गुपित राहायची आणि हिशेबही लागायचा.

१९६४ पर्यंत अमेरिका आणि कॅनडात ६०० च्या वर दुकानं झाली. हा पसारा ७३ वर्षांच्या माणसाला झेपेना. त्याने २० लाख डॉलरला कंपनी जॅक मॅसी आणि जॉन ब्राऊन यांना विकली. कॅनडाचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि पगारावर कंपनीचा चेहरा म्हणून राहिला. सातच वर्षांत, १९७१ मध्ये, तीच कंपनी ह्युब्लाईनने २८.५ कोटी डॉलरला घेतली.

आता चेहरा त्याचा, पण चूल दुसऱ्याची. सँडर्स अचानक दुकानात शिरायचा, ग्रेव्ही चाखायचा आणि नाही आवडली तर शिव्या घालायचा. ग्रेव्ही म्हणजे वॉलपेपर चिकटवायची खळ झालीय, असं त्याने पेपरवाल्यांसमोर सांगितल्यावर बदनामीचा खटलाही झाला, तो कोर्टात टिकला नाही. क्लॉडियाच्या नावाने त्याने शेल्बीव्हिलमध्ये वेगळं रेस्टॉरंट काढलं, त्यावरूनही कंपनीशी कोर्टकचेरी झाली. स्वतःचं नाव विकलेल्या माणसाला स्वतःच्या नावाने स्वयंपाक करणं अवघड झालं होतं.

१६ डिसेंबर १९८० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी तो गेला. केंटकीच्या विधान भवनात त्याचं पार्थिव दर्शनाला ठेवलं होतं. लुईव्हिलमध्ये त्याला पांढऱ्या सुटातच पुरलं.

पण मग अमेरिकेत आज सगळीकडे केएफसीच चालतं का? तर नाही.

अमेरिकेत चिकनची प्रत्येक चेन आपापल्या मुलखाची आहे. चर्चेस १९५२ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत सुरू झाली. पोपाईज १९७२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला, तिखट लुईझियाना चव घेऊन. बोजँगल्स १९७७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात. रेझिंग केन्स १९९६ मध्ये बॅटन रूजला. आणि जॉर्जियातल्या चिक-फिल-एने तर अमेरिकेतल्या विक्रीत केएफसीला कधीच मागे टाकलंय. दक्षिणेतला माणूस आपल्या भागातल्या चेनसाठी तसाच भांडतो, जसा आपल्याकडे मटणावरून कोल्हापूरकर आणि सोलापूरकर भांडतात.

केएफसीची खरी ताकद बाहेर आहे. जपानमध्ये लोक ख्रिसमसला केएफसी खातात. चीनमध्ये १९८७ ला पहिलं दुकान निघालं, आज तिथं दहा हजारांच्या वर आहेत. भारतात १९९५ मध्ये बेंगळुरूत आलं, तेव्हा शेतकरी संघटनेने जोरदार विरोध केला, तोडफोड झाली. तरी टिकलं. आणि २०२५ मध्ये जाहीर झालं की केएफसीचं अमेरिकेतलं ऑफिस केंटकी सोडून टेक्सासला जाणार. म्हणजे नावात केंटकी आणि ऑफिस टेक्सासात.

कॉर्बिनचं ते जुनं रेस्टॉरंट मात्र अजून आहे. लोक मुद्दाम मोठा रस्ता सोडून, वाट वाकडी करून तिथं जातात आणि चिकन खाऊन येतात.

पुढच्या वेळी वडीगोद्रीला चहाला थांबलात तर समोरच्या पाट्या वाचा. दुसऱ्याच्या गावाचं नाव बरेच जण लावतात. आपल्या गावाचं नाव लांब नेऊन विकणारा सँडर्स आपल्याकडे अजून निघायचाय.